दाजींच्या कंबरेचं माप

दाजींच्या पोटात साडेपाच किलोची गाठ वाढत होती आणि मी त्यांच्या पँटी सैल करून देत होतो. एकदा नाही, चौदा महिन्यांत पाच वेळा. वर प्रत्येक वेळी विनोद करत होतो.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी स्वतःची बाजू मांडायला लागेन. माणूस मांडतोच.

मी टेलर आहे. एक खोली, दोन यंत्रं, कापायचं टेबल, कोपऱ्यात पडदा आणि पडद्यामागे आरसा, एवढंच दुकान. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर कुठल्यातरी इमारतीच्या तळाशी खड्ड्यात उतरायचं, नाहीतर वरच्या मजल्यावर तारांना लोंबकळत तेल द्यायचं. असल्या कामाचा माणूस शिडशिडीतच असतो. दाजी तसेच होते. कंबर चौतीस, मांडी बावीस, गळा साडेपंधरा. माझ्या वहीत दर वर्षी तीच मापं, इतकी तीच की नंतर नंतर मी टेप न लावताच लिहायचो.

मग एकदा ते पँट घेऊन आले. "मास्तर, बसत नाही रे."

टेप लावली. साडेपस्तीस.

आमच्या धंद्यात एक शिस्त आहे. गिऱ्हाइकाचं पोट वाढलं तर बोलायचं नाही. वहीत नवा आकडा लिहायचा, आणि गिऱ्हाइकाने विचारलंच तर "कापड आटलंय" म्हणायचं. कापड बिचारं काही बोलत नाही. वीस वर्षं मी कापडावर ढकलत आलोय. नात्यातल्या माणसाला मात्र कापड आटलंय म्हणून चालत नाही, तिथे चेष्टा करायची.

"दाजी, कितवा महिना?" मी विचारलं.

"तुझ्या बहिणीला विचार. तिच्या हातचं खाऊन झालंय हे."

पुढच्या खेपेला साडेछत्तीस. मग अडतीस. दाजी म्हणाले, "लिफ्टमध्ये पाटी असते ना, सहा माणसं. मी आत गेलो की पाचच मावतात." आम्ही दोघं हसलो. एकोणचाळीस झाली तेव्हाही हसलो. एक्केचाळीसला मी हसलो, पण वहीत लिहिताना हात जरा थांबला.

कारण शेजारच्या रकान्यात गळा पंधरा होता. मांडी साडेवीस.

हे टेलरशिवाय कुणाला दिसणार नाही. डॉक्टरलाही नाही, कारण डॉक्टरकडे माणूस एकदाच जातो, आजचा. माझ्याकडे त्याचे मागचे सगळे आकडे असतात. जाड होणारा माणूस सगळीकडून जाड होतो. कंबर सहा-सात इंच वाढली तर गळा वाढतो, दंड वाढतो, मांडी तर हमखास. इथे पोट पुढे येत होतं आणि बाकीचा माणूस आत जात होता. मला हे दिसलं. दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. मी खांद्यावर शर्ट आत घेतला, पोटावर सोडला, टीप मारली आणि म्हणालो, "दाजी, जुळी आहेत."

त्यानंतर तीन आठवड्यांनी दाजी एका खड्ड्यात वाकले आणि त्यांना उठता येईना. दोन घास खाल्ले तरी पोट भरतंय, हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. स्कॅन झाला. आतड्यांच्या मागे, मूत्रपिंडाला कवटाळून बसलेली गाठ. स्कॅनवाल्या डॉक्टरने ताईला बाजूला घेऊन सांगितलं, "हे कुठेही उघडू नका. अशा गाठी क्वचित येतात. रोज करणारी माणसं वेगळी असतात, मोठ्या कर्करोगाच्या हॉस्पिटलात जा."

मोठ्या हॉस्पिटलची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळत होती.

आणि मी मध्ये पडलो.

आमच्या भागातल्या नर्सिंग होमचा सर्जन माझा गिऱ्हाईक. त्याच्या ऑपरेशनच्या खोलीतले हिरवे डगले, पेशंटचे मागून नाडीचे झगे, मध्ये भोक असलेल्या चादरी, सगळं माझ्याकडून जातं. ताईला म्हणालो, "तीन आठवडे कशाला थांबायचं? आपल्या ओळखीचा आहे. आपल्याकडे नीट लक्ष देईल." ओळख. हा शब्द आला की आमची अक्कल बाहेर चपला काढून बसते. डॉक्टरला हे काम येतं का, असं आम्ही विचारत नाही. तो ओळखतो का, एवढंच विचारतो. मला तर फक्त त्याच्या डगल्याचं माप माहीत होतं.

ताई म्हणाली, "पण तो स्कॅनवाला म्हणत होता..."

"ते सगळ्यांनाच मोठ्याकडे पाठवतात. हात झटकायला."

ताईने ऐकलं. माझं ऐकते ती. शिवणयंत्रावर मला तिनेच बसवलं होतं, माझे पाय पायडलला पोचत नव्हते तेव्हा. लग्नाआधी ती स्वतः शिवायची, माझ्यापेक्षा बरं. धाकट्याला आता कळतं, असं तिला कौतुक होतं.

सर्जन म्हणाला, "मास्तर, तुमचे दाजी ते माझे दाजी. चरबीची गाठ आहे, तासाभराचं काम."

चार तास लागले. मग त्याने आम्हाला दाराशी बोलावून स्टीलचा ट्रे दाखवला. पिवळे, चकचकीत तुकडे. लहानमोठे, पंधरा-वीस असतील. "सगळं काढलं," तो म्हणाला. "हाताला लागलं तेवढं सगळं." ताईने हात जोडले. मी त्याचा हात हातात घेतला. त्याच्या दोन वाक्यांत किती अंतर आहे ते माझ्या डोक्यात शिरलं नाही.

तपासणीचा कागद आला, त्यात सार्कोमा, म्हणजे कर्करोगाचाच एक प्रकार, असं लिहिलेलं होतं. सर्जनने कागद घडी करून परत दिला. "निघालंय ना? मग आता विसरा. उगाच स्कॅनबिन करत बसू नका, घाबरून जाल." आम्ही विसरलो. दाजींची कंबर पुन्हा चौतीस झाली. मी पाची पँटी पुन्हा आत घेतल्या, आणि आनंदाने घेतल्या, खोटं कशाला बोलू.

दहा महिने गेले.

मग एका दुपारी दाजी दुकानात आले, पडद्यामागे गेले आणि तिथूनच म्हणाले, "मास्तर, टेप आण. आणि तोंड बंद ठेव."

साडेपस्तीस.

मी गुडघ्यावर बसलेला, टेप त्यांच्या कंबरेभोवती, आरशात दोघांचे चेहरे. या वेळी कितवा महिना असं कुणी विचारलं नाही.

"ताईला सांगा," मी म्हणालो.

"सांगतो. एक महिना दे. इतके महिने ती रात्री उठून माझ्या पोटावर हात ठेवून चाचपत होती. मी जागा असायचो, तिला वाटायचं झोपलोय. आता कुठे ती सलग झोपायला लागलीय. एक महिना झोपू दे तिला."

"आणि डॉक्टर?"

"जाऊ ना. आधी एवढी ढिली कर. आणि दिसणार नाही असं बघ. तू करशील."

तू करशील. हे त्यांनी म्हटलं आणि मला, काय सांगू, बरं वाटलं. इथे माझी खरी लाज आहे. पहिल्या खेपेला मी नुसता गप्प बसलो होतो. या वेळी मी माझं सगळं कसब लावलं.

पँटच्या कंबरपट्टीत दोन्ही बाजूंना आतून इलॅस्टिक घातलं, वरून पट्टी सरळ दिसेल असं. पुढे दोन-दोन चुण्या दिल्या. दाजी चुण्या घालत नसत, "हल्ली तीच फॅशन आहे" असं ताईला सांगायचं ठरलं. शर्ट गडद रंगाचे, उभ्या रेषांचे, खिसा डाव्या बाजूला जरा खाली, म्हणजे नजर तिथे अडते. पाठीत सैल, म्हणजे पोटावरचं कापड ताणत नाही. कुणी टेलरने माझं काम पाहिलं असतं तर वाहवा केली असती. रात्री घालायलाही ढगळ सदरे शिवून दिले.

एक महिना झाला. दाजी आले. छत्तीस. "अजून एक," म्हणाले. पुढच्या महिन्यात साडेछत्तीस. मग सदतीस. मी प्रत्येक वेळी तारीख घालून लिहिलं, कारण तारीख घालायची सवय आहे. बाकी काही करायची सवय नव्हती.

मधे एकदा ताई दुकानात डोकावली. "ते नवे शर्ट फार छान बसवलेस रे. अंगावर उठून दिसतात."

"कापड चांगलं आहे," मी म्हणालो.

शेवटी ताईला कळलं ते पायावरून. दाजींचा उजवा पाय सुजला, बूट चढेना. ती मोजा ओढायला खाली बसली आणि तिचं डोकं त्यांच्या पोटाला लागलं. कपडे कितीही चांगले शिवले तरी आतलं पोट काही मऊ होत नाही.

या वेळी मोठ्या हॉस्पिटलात गेलो. कुणाला ओळख विचारली नाही. सोळा दिवसांनी सर्जन बाईंसमोर बसलो. स्कॅन झाला होता, सुईने तुकडा काढून तपासलाही होता. बाई पन्नाशीच्या, बारीक, चष्मा कपाळावर. बोलायला थेट. त्यांनी आधी पहिल्या ऑपरेशनचा कागद वाचला, आणि वाचून झाल्यावर तो पालथा ठेवला.

"तुकड्यांत काढलीय," त्या म्हणाल्या. "ही गाठ तिच्या पिशवीसकट, चिकटलेलं मूत्रपिंड, आतडं, जे असेल त्याच्यासकट, अख्खी काढायची असते. पहिल्याच वेळी. पेशंट पुढे किती जगतो ते बरंचसं त्या पहिल्या ऑपरेशनवर ठरतं. ती संधी एकदाच येते."

मला उशी दिसली. कापसाची उशी आत न फाडता उचलून बाहेर न्यायची असते. आम्ही ती घरात फाडली, मूठ मूठ कापूस बाहेर नेला आणि म्हणालो, सगळा काढला. कोपऱ्यात, फटीत, कपाटाखाली राहिलेला कोण वेचणार?

"आता पुन्हा पोट कधीपासून वाढायला लागलं?" बाईंनी विचारलं.

"पंधरा-वीस दिवस," दाजी पटकन म्हणाले. ताई काही बोलायच्या आत.

"हो," ताई म्हणाली. "मला पंधरा दिवसांपूर्वी दिसलं. त्याआधी काहीच नव्हतं. मी बघत असते ना रोज."

बाईंनी लिहून घेतलं. नर्स दाजींना छातीचा आलेख काढायला घेऊन गेली. दार लागलं तशा बाई खुर्ची पुढे घेऊन ताईला म्हणाल्या, "मी स्पष्ट बोलते. गाठ अकरा सेंटिमीटरची आहे. सुईचा रिपोर्ट मंद जातीची सांगतो, पण सुई एकाच जागी जाते, बाकीच्या गाठीत काय आहे ते ती सांगत नाही. म्हणून वेग बघावा लागतो. सावकाश वाढणारी असेल तर दुसरं ऑपरेशन करण्यात अर्थ आहे, माणसाला वर्षं मिळतात. पंधरा दिवसांत एवढी झाली असेल तर मी पोट उघडून त्यांना फक्त छळेन. महिन्या-दोन महिन्यांत ती परत येईल."

"मग परत एक स्कॅन करून बघता येणार नाही?" ताईने विचारलं.

"येईल, सहा आठवड्यांनी. पण ती मोठ्या शिरेला टेकायला आलीय, पाय त्यामुळेच सुजलाय. सहा आठवड्यांत शिरेत घुसली तर ऑपरेशन करायचं म्हटलं तरी करता येणार नाही. मधे एखादा स्कॅन झाला असता तर प्रश्नच नव्हता. शुक्रवारी आम्ही सगळे डॉक्टर बसतो, तेव्हा ठरेल. तुम्ही म्हणता ते धरलं तर बहुतेक नाहीच म्हणतील. औषधं देऊ."

ताईने पदराने तोंड झाकलं नाही, रडली नाही. बाईंच्या टेबलावरचा कागद नीट सरळ करून ठेवला, जणू तेवढं नीट झालं की बाकीचंही होईल.

आणि मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसून होतो. चार महिने. अर्धा अर्धा इंच. तारखेसकट. माझ्या तोंडात ते चार शब्द होते आणि मी ते गिळले. ताईची बाजू गरम लागत होती, इतकी ती जवळ बसली होती.

बाहेर आल्यावर दाजींना गाठलं. आलेखाच्या खोलीबाहेर ते बटणं लावत होते. मी सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, पण जिथे पकडायचं तिथे त्यांनी मला पकडलं.

"तिच्यासमोर का नाही बोललास?"

"तुम्ही का नाही बोललात?"

"मला काय माहीत दिवस मोजतात ते! मला वाटलं कमी सांगितलेलं बरं. लवकर आलो असं वाटेल."

"आता तिला सांगा."

"तू बाईंना सांग ना गुपचूप. त्यांच्याशी मतलब. तिला कशाला मधे आणतोस?"

असे आम्ही दोन बाप्ये एका बाईच्या झोपेची काळजी करत उभे होतो. खरं तर आम्ही तिला घाबरत होतो. प्रेमाला लोक फार मोठी मोठी नावं देतात. त्यातलं निम्मं हेच असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन एकटा गेलो. जायच्या आधी दुकानात दार लावून बसलो होतो. बाईंना शेवटचे चार महिने पुरेसे होते. मागच्या वर्षीचं पान, कंबर एक्केचाळीस आणि गळा पंधरा, ते कुणी मागितलं नव्हतं. पान ओढून काढणं सोपं असतं, दोरा एकदा तोडला की झालं. मी दोऱ्यावर कात्री ठेवलीसुद्धा. मग काढली. फार मोठं मन केलं असं समजू नका. बाईंना फाटलेली वही दिली तर त्यांना बाकीचीही खोटी वाटेल, हे सुचलं म्हणून.

बाईंनी वही वाचली. बराच वेळ. कुठला रकाना कशाचा ते मला विचारलं.

"हे तुम्ही मोजलंय? दर वेळी त्याच जागी?"

"बेंबीवरून. सवय आहे."

"अर्धा इंच, अर्धा इंच, अर्धा इंच," त्यांनी बोट फिरवलं. "मधेच उडी नाही. पहिल्या वेळीही चौदा महिने लागलेत." त्या बऱ्यापैकी खूश दिसल्या, आणि त्यांना खूश बघून मला रडू यायला लागलं. "हे शुक्रवारी दाखवते. वही ठेवून जा."

"बाई, एक विनंती. माझ्या बहिणीला..."

त्यांनी चष्मा खाली घेतला. "मी कुणाला मुद्दाम सांगायला जाणार नाही. पण मी फाइलमधलं लपवतही नाही. तुमच्याकडे चार दिवस आहेत, तुम्हीच सांगा."

चार दिवस होते. मी रोज ताईकडे गेलो. पहिल्या दिवशी पाहुणे होते. दुसऱ्या दिवशी तिचं डोकं दुखत होतं. तिसऱ्या दिवशी काहीच कारण नव्हतं, ती मला म्हणाली, "तू आहेस म्हणून मी उभी आहे," आणि मी तिच्या हातचा चहा पिऊन परत आलो. चौथ्या दिवशीही तेच.

शनिवारी बाईंनी आम्हाला बोलावलं. "ऑपरेशन करायचं ठरलंय," त्या म्हणाल्या. "उजवं मूत्रपिंड जाईल, आतड्याचा एक भाग जाईल, मागचा स्नायूही थोडा. शिरेजवळ काय होतं ते आत गेल्यावरच कळेल. पण वेग कमी आहे, ते या मापांवरून स्पष्ट झालं." आणि त्यांनी वही उघडून ताईपुढे सरकवली.

"कसली मापं?" ताई म्हणाली.

दाजी खाली बघत होते.

दुसऱ्या कुणा बाईला ती वही म्हणजे नुसते आकडे वाटले असते. ताईने असल्या वह्या भरलेल्या आहेत. तिने आधी तारखा वाचल्या. मग बोट आडवं नेलं. मग पानं मागे उलटली, एक, दोन, तीन, गेल्या वर्षापर्यंत, आणि तिथे तिचं बोट थांबलं. बाई काहीतरी सही करायच्या जागा दाखवत होत्या. ताईने सह्या केल्या, सगळ्या, जिथे जिथे सांगितलं तिथे. बाईंना विचारायचं ते सगळं विचारलं. दाजींचा दंड धरून त्यांना उठवलं.

जिन्यात माझ्याकडे वळली.

"गळा पंधरा झाला तेव्हा तुला कळलं होतं?"

"काहीतरी बरोबर नाही एवढं कळलं होतं."

"मग?"

"मग मी चेष्टा केली."

"काय चेष्टा केलीस?"

"जाऊ दे ना ताई."

"नाही. काय म्हणालास ते सांग."

"जुळी आहेत म्हणालो."

तिने मान हलवली, नोंद घेतल्यासारखी. दाजी म्हणाले, "अगं, नंतरचं मीच त्याला सांगितलं होतं, त्याचा काय दोष..."

"तुमच्याशी मी ऑपरेशन झाल्यावर भांडणार आहे," ताई म्हणाली. "म्हणून नीट बाहेर या."

सगळ्या घोळात दाजी तेवढ्या वाक्यावर हसले.

ऑपरेशन सकाळी आठला सुरू झालं. बाहेर बाकांची रांग. ताई एका टोकाला बसली. मी तिच्या शेजारी बसलो तर ती उठली नाही, पिशवी मात्र आमच्या दोघांमध्ये ठेवली. दुपारी एकला म्हणाली, "त्या ओळखीच्या डॉक्टरकडे पण तूच नेलंस."

"हो."

"तेव्हा तुला एक्केचाळीसही माहीत होतं आणि पंधराही. आणि तरी तू म्हणालास, हात झटकतात म्हणून."

"हो."

"मी मोठ्या ठिकाणी जायचं म्हणत होते."

"हो ताई."

"हो हो काय करतोस? बोल ना काहीतरी."

काय बोलणार? चूक झाली म्हणालो असतो तर तिला मला माफ करायचं काम लागलं असतं. तेवढंही तिच्यावर टाकायची मला हिंमत झाली नाही. मी म्हणालो, "मी त्याच्याकडे गेलो होतो परवा. विचारलं तुकडे का केले. म्हणाला, मोठी होती, निघत नव्हती, जे जमलं ते केलं."

"त्याला काय विचारतोस," ताई म्हणाली. "त्याला माझ्या नवऱ्याची मांडी किती होती ते माहीत नव्हतं."

साडेपाचला बाई बाहेर आल्या. टोपीच्या कडेने कपाळावर वळ उठलेला. "अख्खी निघाली," म्हणाल्या. "एका जागी, शिरेपाशी, अगदी काठावरून काढावी लागली. ती जागा मला आवडलेली नाही. बाकी स्वच्छ." ताईने विचारलं, किती वर्षं? बाई म्हणाल्या, "आकडे विचारू नका. हा आजार फार थोड्या लोकांना होतो, त्या थोड्यांचे आकडे तुमच्या माणसाला लावून मी तुम्हाला काय सांगू? दर तीन महिन्यांनी स्कॅन. एकही चुकवायचा नाही." जाताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या वहीमुळे झालं हे." चांगल्या मनाने म्हणाल्या. ताई तेव्हा भिंतीकडे बघत होती.

याला अडीच महिने झाले. पहिला स्कॅन पुढच्या आठवड्यात आहे. नर्सिंग होमचे डगले मी शिवायचे बंद केले. त्याने निरोप पाठवला, काय झालं मास्तर? मी उत्तर दिलं नाही. हे काही फार शौर्य नाही, त्याला दुसरा टेलर मिळेल.

ताईकडे जातो. ती दार उघडते, चहा देते, दाजींच्या औषधांच्या वेळा सांगते. भांडत नाही. ठरल्याप्रमाणे दाजींशी ती खूप भांडली, चांगलं तासभर, भांडी आपटून. दाजींनी स्वतः मला अभिमानाने सांगितलं. मला मात्र ती काहीही बोलत नाही.

परवा गेलो तर दाजी खोलीत फेऱ्या मारत होते. फार वाळलेत. अंगावर नवी पँट होती, माझ्या हातची नाही. कोपऱ्यावरच्या तयार कपड्यांच्या दुकानातली असणार. मागे सीट पोत्यासारखी लोंबत होती, पँट एका पायाला आखूड. आणि कंबर तर इतकी सैल की ते एका हाताने पँट धरून चालत होते.

"बघ मास्तर, काय अवस्था केलीय तुझ्या बहिणीने," ते म्हणाले.

मी उठलो. विचार केला नाही, नुसता उठलो. खिशात टाचण्या असतातच. दोन टाचण्या दातांत धरल्या आणि दाजींच्या मागे गुडघ्यावर बसलो.

ताई आतून आली. हातात दाजींची औषधं आणि पाण्याचा पेला. मला तसं बसलेलं पाहिलं.

"ऊठ," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "ते पट्टा लावतील."